आत्यांची तुळस डोक्यावर घेऊन आळंदी ते पंढरपूर

आमच्या आत्यांनी (सासूबाई, आमच्याकडं कोरेगाव भागात सासूला आत्याच म्हणतात) आळंदी ते पंढरपूर पायी वारी धरली तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मी घरात आले त्या वर्षीपासून बघतेय, ज्येष्ठ लागला की त्यांचं अर्धं लक्ष घरात नसायचंच. मधे दोनच वर्षं वारी चुकली, २०२० आणि २०२१, पण ती सगळ्यांचीच चुकली, माउलींच्या पादुकाच एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. त्या दिवशी आत्या टीव्हीपुढं हात जोडून बसल्या होत्या आणि एसटी दिसली तशा ज्या रडायला लागल्या ते दुपारचं जेवण पण केलं नाही. त्यानंतर परत चालायला लागल्या पण गुडघा तो गुडघाच. गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता अडीचशे किलोमीटर विसरा.

आत्या काही बोलल्या नाहीत. फक्त वैशाखात एक दिवस मी मशीनवर बसले होते तर त्या अंगणात तुळशीचं छोटं पितळी वृंदावन चिंच लावून घासत बसलेल्या. हे वृंदावन त्या दरवर्षी डोक्यावर घेऊन चालायच्या. चकचकीत घासून झालं, उन्हात पालथं घातलं आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "माझ्या जागी तू जातीस का?"

खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं तर शाळेचे ड्रेस. माझं शिवणकाम आहे आणि जून म्हणजे आमचा सीझन, वर्षभराचा निम्मा धंदा त्या एका महिन्यात होतो. पण त्यांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी हो म्हणलं. पुढचा दीड महिना रात्री बारा बारापर्यंत मशीन चालवली आणि जेवढे ड्रेस आधी देता येतील तेवढे दिले, उरलेले जावेवर सोपवले. दिंडीत भिशी भरली (म्हणजे जेवणाखाण्याचे, ट्रकचे, टँकरचे मिळून माणशी पैसे), नाव आत्यांच्या जागी माझं लागलं.

निघताना आत्यांनी सांगितलेलं एवढंच, की नवी चप्पल घालू नको, ओळ सोडू नको, विणा कायम दिसत राहिली पाहिजे, आणि तुळशीची माती वाळू द्यायची नाही. चप्पलचं मी ऐकलं नाही. नवऱ्याने हौसेने भारीतले स्पोर्ट शूज आणले होते, तेच घातले.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान असतं. मंदिराच्या पायरीवर हैबतबाबांची समाधी आहे, तिथं डोकं टेकवलं. हैबतबाबा आरफळकर म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातले, आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांकडं सरदार होते. पालखी न्यायची पद्धत त्याच्याही आधीची, तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज १६८५ पासून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र न्यायचे. पण आज माउलींची पालखी जशी दिंड्यांची शिस्त लावून, घोडे, नगारा, चोपदार घेऊन निघते ती हैबतबाबांनी बसवली. हे सगळं मी पुस्तकात नाही वाचलं, आत्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय. घोडे अजून बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे येतात, तेही चालतच येतात. माउलींच्या घोड्यावर कुणी बसत नाही, त्याच्यावर माउली असतात.

गर्दी एवढी होती की प्रस्थान म्हणून मला काही दिसलंच नाही, इंद्रायणीच्या काठावर उभी होते आणि देवळाच्या बाजूने एकदम आवाज उसळला तेवढं कळलं.

दिंडीत चालणं म्हणजे काय हे सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते नुसतं माणसांचं लोंढं वाटतं, मलाही वाटायचं. प्रत्येक दिंडीला रथाच्या पुढं किंवा मागं ठरलेला नंबर असतो, तो कुणी मोडत नाही. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, मग विणेकरी आणि मागं आम्ही तुळशीवाल्या, हंडेवाल्या बायका. चालायचं ओळीतच. पहिले दोन दिवस मला त्या ओळीचा राग यायचा, वाटायचं थोडं पुढं जाऊन सावलीत थांबावं, थोडं मागं राहावं, काय बिघडतं? शेजारी फलटणकडच्या एक मावशी होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं माझ्या कोपराला हात लावून परत ओळीत घ्यायच्या.

पहाटे तीनला उठायचं. टँकरच्या नळाखाली आंघोळ, चार बायकांनी चार बाजूंनी साडी धरायची आणि आत एकीने पटकन उरकायचं. कर्णा तीनदा वाजतो, पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला जागेवर उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलली. आठवडाभरात असं झालं की पहिल्या कर्ण्याच्या आधीच डोळा उघडायचा.

पुण्यात दोन मुक्काम झाले आणि मग तो दिवस आला ज्याची सगळे भीती घालत होते, पुणे ते सासवड. सगळ्या वाटेतला हा सगळ्यात लांबचा टप्पा, बत्तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि त्या दिवशी एकादशी, म्हणजे उपास. पोटात शेंगदाण्याचा लाडू आणि दोन केळी. हडपसरला विसावा झाला तोवर ठीक होतं, वडकीला ऊन चढलं आणि घाटाच्या तोंडाशी पाऊस आला. असला पाऊस की समोरच्या बाईची पाठ दिसेना. कुणी छत्री उघडली नाही, कुणी थांबलं नाही, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर आले आणि टाळ चालूच. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणाने पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, आणि आवाज डोंगराला आपटून परत येतोय.

मी मात्र हे सगळं अर्धंच बघितलं कारण माझे शूज. आत पाणी भरलं, मोजे गोळा झाले आणि प्रत्येक पावलाला टाचेत सुरी घातल्यासारखं. घाटाच्या मध्यावर मी ओळ सोडली. कठड्याशी टेकले, म्हणलं पाच मिनिटं बसते. पाच मिनिटांत तीन दिंड्या पुढं गेल्या, विणा दिसेना, आपली पताका दिसेना, मोबाईलला रेंज नाही, डोक्यावर तुळस, आणि मला रडू फुटलं. कुठल्या तरी दुसऱ्याच दिंडीतला माणूस, विदर्भातला असावा बोलण्यावरून, थांबला, म्हणाला, "माउली, बसली की पाय गार पडते, मग उठता येत नाही. आमच्या ओळीत चाल, सासवडला तुझी दिंडी देऊ शोधून." मी शूज काढून हातात घेतले आणि अनवाणी त्यांच्या ओळीत शिरले. तेव्हा कळलं ओळ कशासाठी असते. एकटी चालत होते तेव्हा प्रत्येक पाऊल मला उचलावं लागत होतं. ओळीत टाळाच्या ठेक्यावर पाय पडतो, पुढचा उचलला की तुमचा उचलला जातो, मागचा येतोय म्हणून तुम्ही थांबत नाही. दुखायचं थांबलं असं नाही, पण दुखण्याकडं बघायला वेळच राहिला नाही.

रात्री सासवडला मावशींनी माझ्या टाचा बघितल्या. दोन्हीला लिंबाएवढे फोड. "सुई-दोरा हाय का?" माझ्याकडं नसेल तर कुणाकडं असणार! त्यांनी सुई दिव्यावर लाल केली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडून काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. रात्रभर त्या दोऱ्यावरून थेंब थेंब पाणी निथळलं, सकाळी फोड बसला होता, वरची कातडी तशीच. (मला बाधलं नाही, पण शुगर असलेल्यांनी हे अजिबात करू नये, वाटेत जागोजागी फुकट दवाखाने असतात तिथं जावं. आमच्याच दिंडीतल्या एका काकांचा पाय असाच चिघळला आणि त्यांना जेजुरीहून परत जावं लागलं.) सासवडला सोपानकाकांची समाधी, तिथं दोन मुक्काम असतात म्हणून मी वाचले. साधी रबरी स्लिपर घेतली आणि पुढची सगळी वारी तिच्यावर झाली.

आत्यांचा फोन रोज रात्री साडेआठला. "कुठं हाय? काय जेवलीस? माती ओली हाय का?" आणि मग उद्या काय येणार ते सांगायच्या. जेजुरीला भंडारा उधळतील, पांढरी साडी नेसू नको, पिवळी होईल ती परत पांढरी होत नाही. वाल्ह्याच्या पुढं नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान असतं, तिथं ढकलाढकलीत पडू नको, पुलावरनं हात जोड, पोचतं. अमुक गावात शाळेमागं हापसा आहे, तिथं धुणं कर. घरी खाटेवर बसून त्या माझ्या एक दिवस पुढं चालत होत्या. एकदा मी म्हणलं, आत्या, तुम्ही सांगितलेला वड काही दिसला नाही हो. तर गप्पच झाल्या. रस्ता रुंद केला त्यात वाटेवरची किती तरी जुनी झाडं गेली. चौपदरी झाला, गाड्यांना चांगलाच आहे, रथ पण नीट जातो, ते मी नाकारत नाही. पण दुपारी एक वाजता सिमेंटच्या रस्त्यावर स्लिपर घालून चालून बघा. ज्यांच्या नावाने रस्ता केला त्या चालणाऱ्यांना सावली पाहिजे, आता लावलेली रोपं मोठी व्हायला माझं म्हातारपण येईल.

लोणंदच्या अलीकडं पलीकडं कुठं तरी, मला वाटतं लोणंदलाच, समाज आरतीला मी पहिल्यांदा नीट पुढं उभी होते. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात, कानात दुसरं काही शिरत नाही, आणि चोपदार हातातला दंड वर करतात. एका क्षणात सगळं गप्प. एवढ्या माणसांत मागं कुठं तरी पोरगं रडलेलं ऐकू यायला लागलं. पण त्या दिवशी एका दिंडीचे टाळ थांबेनात. मी मावशींकडं बघितलं, मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. मावशी म्हणाल्या, "तक्रार हाय त्यांची." ही पद्धत आहे. कुणी ओरडत नाही, भांडत नाही, सगळे थांबले की आपण टाळ वाजवत राहायचे, मग चोपदार तिथं जातात, काय ते ऐकतात, निवाडा होतो आणि टाळ थांबतात. त्यांचा पाण्याचा टँकर तळावर सोडला नव्हता, दोन दिवस बायकांचे हाल चालले होते. तिथल्या तिथं तोडगा निघाला, मग हरवलं-सापडलं वाचून दाखवलं, एक पाकीट, एक चष्मा, एक आजोबा, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आणि आरती. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावच्या ग्रामसभेत पाण्यावरून खुर्च्या उचलल्या गेलेल्या मी बघितल्यात.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं (दिंड्या रस्त्यावर दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधून घोडे पळतात) पण मी लांब होते, घोड्याचे कान आणि जरीपटका, म्हणजे स्वाराच्या हातातलं निशाण, एवढंच दिसलं. फलटण, बरड, मग सोलापूर जिल्हा लागला, पाऊस संपला. या भागातले दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळलेत, ऊन, धूळ, पिठलं-भाकरी, ट्रकच्या दोरीवर वाळणाऱ्या साड्या. संध्याकाळी हरिपाठ झाला की माझ्याभोवती बायका जमायच्या, कुणाची पिशवी उसवलेली, कुणाचा ब्लाउज. एका रात्री विणेकरी बाबा दिंडीची पताका घेऊन आले, काठीपाशी फाटली होती. मांडीवर पसरली तर तिला आधीच सात-आठ जागी टाके होते, वेगवेगळ्या हातांचे, कुणाची बारीक धावदोर, कुणी जाड पांढऱ्या दोऱ्याने नुसतं गोळा केलेलं. एका कोपऱ्यात तिरका तुरपाईचा टाका होता, सुरुवातीला दुहेरी गाठ. मी तो टाका ओळखते, आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्यांवर तोच आहे. मी शिवणकामात एवढी वर्षं घातली पण त्या रात्रीएवढं हळू आणि जपून कधी शिवलं नाही.

पुरंदवड्याचं गोल रिंगण. हे मात्र सविस्तर सांगणार.

मोठं मैदान, मधे पालखी, भोवती दिंड्या, त्याच्याभोवती मोकळी धावपट्टी आणि बाहेर कडं करून बघणारी माणसं, झाडांवर, ट्रकच्या टपावर. आत्यांनी आदल्या रात्री विचारलं होतं, "पळणार ना?" मी म्हणलं, डोक्यावर तुळस घेऊन कसं पळू? "पळता येतं" एवढंच म्हणाल्या. आधी पताकावाले पळतात, मग तुळशी-हंडेवाल्या बायका, मग विणेकरी, पखवाज, टाळकरी, आणि शेवटी घोडे. पताका गेल्या. चोपदारांनी हात केला. मी पदर खोचला, चुंबळ दाबून बसवली (आत्यांच्या जुन्या नऊवारीची चुंबळ, एवढ्या वर्षांत दगडासारखी घट्ट झालेली), डाव्या हाताने वृंदावन धरलं, आणि मावशी माझ्या पुढं सुटल्यासुद्धा. पंचाहत्तरीची बाई! आत्तापर्यंत रस्ता ओलांडायला माझा हात धरायच्या त्या. मी पळाले. शाळा सुटल्यापासून मी कधी पळालेच नव्हते, एसटी पकडायला पळालो तर तेवढंच, आपल्याला बायकांना कोण पळू देतं, लोक काय म्हणतील, पदर पडेल. इथं हजारो माणसं बघत होती आणि सगळी ओरडत होती की पळा माउली पळा. माती पायाखाली मऊ, तुळशीची पानं कपाळावर आपटतायत, श्वास पुरत नाही, मागून पुढून सगळ्या वयाच्या बायका, एक तर सहा महिन्यांचं बाळ जावेकडं देऊन आलेली. वेढा पुरा झाला तेव्हा मी हसत होते का रडत होते मला सांगता येणार नाही.

मग घोडे आले. जरीपटकावाला स्वाराचा घोडा पुढं, आणि मागून तो रिकाम्या पाठीचा, माउलींचा. वारं कापत गेला माझ्यापासून दहा हातांवरून. गेला तशी माणसं टापांच्या जागी वाकली, मी पण वाकले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि चिमूटभर तुळशीत टाकली.

त्या रात्री फोनवर आत्यांनी माती ओली हाय का विचारलंच नाही. म्हणाल्या, "सांग." मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत.

पुढं वेळापूरच्या अलीकडं धावा असतो, तुकोबांना तिथून पंढरपूरचा कळस दिसला आणि ते पळत सुटले असं सांगतात, म्हणून त्या उतारावरून सगळे पळतात. तोंडले-बोंडलेला माउलींची आणि सोपानकाकांची, भावाभावांची भेट झाली, दोन्हीकडचे मानकरी एकमेकांना नारळ देत होते आणि माझ्या शेजारी उभा असलेला पंचविशीचा पोरगा हुंदके देऊन रडत होता, त्याचं काय होतं कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या जमतात. तिथून पंढरपूर इतकं जवळ, पण तेवढं अंतर जायला दिवस गेला.

विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला मिळालं नाही. दर्शनबारी गोपाळपूरच्याही पुढं गेलेली, दिंडीतल्या निम्म्या लोकांनी रांग धरलीच नाही. चंद्रभागेत स्नान केलं, नगरप्रदक्षिणा घातली, नामदेव पायरीला हात लावला आणि कळसाकडं बघून हात जोडले. मला वाईट वाटत होतं, एवढं चालून आले आणि. मावशी म्हणाल्या त्यांनी पंधरा वर्षांत आषाढीला एकदाही रांग धरली नाही, त्यांचं कळसाशी जमलंय. पौर्णिमेला गोपाळपूरला काला घेतला, मावशींच्या पाया पडले, त्यांचा फोन नंबर घेतला तर तो त्यांच्या नातवाचा निघाला, आणि एसटी धरली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोरगी पळत आली, नवऱ्याने बॅग घेतली, माझे पाय बघून काही तरी बोलला. आत्या खाटेवरून काठी टेकत उठल्या, माझ्या डोक्यावरून वृंदावन स्वतः उतरवून घेतलं, कट्ट्यावर ठेवलं, आणि पहिलं काय केलं तर तर्जनी पार पेरापर्यंत मातीत खुपसली. बोट बाहेर काढून कंदिलाशी, म्हणजे दारातल्या बल्बखाली, धरून बघितलं. ओली माती चिकटली होती. मग त्या आत वळल्या आणि पोरीला म्हणाल्या, "आईला पाय धुवायला गरम पाणी आण."